साचेखात्यातलं हॉस्पिटल

आप्पा, पुढचा उजवा खांदा बाबांनी दिला.

हे आधी सांगतो, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, आणि मलाही ते एकदा सांगून मोकळं व्हायचं आहे. डाव्या बाजूला शेजारचे मांजरेकर होते. तिरडी सरळ राहिली. मागची माणसं वाटेत दोनदा बदलली. बाबांना कुणीतरी म्हणालं, वय झालंय, आता तुम्ही बाजूला व्हा. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांच्या बाबतीत खरंच ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, हे कधी कळत नाही. तुमच्या बाबतीतही कळायचं नाही.

काल तुमचं तेरावं झालं. बदलापूरचे, विरारचे सगळे आपापल्या घरी गेले. सुलू आठवडाभर काकीजवळ राहून मग कणकवलीला जाईल. येणारा-जाणारा मला विचारतो, रे, तू सावरलास का. मी मान हलवतो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटतंय, आणि हे काकीसमोर बोलायची चोरी आहे. तुमच्यासमोर नाही.

माझ्या लग्नानंतरच्या दिवाळीत तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत. सुलू मुलगी, ती लग्न होऊन गावाकडे गेलेली, तेव्हा तुमचं पुढचं सगळं मलाच करायचं हे घरात न बोलता ठरलेलं होतं. तुम्ही कठड्याला टेकून खालच्या कंदिलांकडे बघत म्हणालात, “झिला, माझ्या तिरडेक वसंताचो खांदो नको. ता काम तुझा.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? आणि त्या दिवसापासून माझ्या मनात एक चित्र येऊन बसलं: चाळीखाली तिरडी बांधून तयार आहे, बाबा पुढे येतात, आणि मी माझ्या बापाला, तुमच्या सख्ख्या भावाला, सगळ्यांदेखत सांगतो, बाबा, तुम्ही मागे सरा. तुम्हाला साधा खोकला झाला तरी मला ते चित्र दिसायचं. तुमच्या औषधांच्या वेळा काकीपेक्षा मी जास्त सांभाळल्या त्याचं निम्मं कारण हे होतं. निम्मं म्हणतो, सगळं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटेल, जमिनीवरून असेल. गावच्या जमिनीवरून तुम्ही दोघं कधी भांडला नाहीत. तुम्ही दोघं एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, साचे म्हणजे कापडाचे माग चालवणारे. संप झाला तेव्हा दोघंही बाहेर आलात. दुसऱ्या वर्षी, संप चालू असतानाच, बाबा कामावर आत गेले. मी दहावीत होतो. झाकलेल्या ट्रकमधून माणसं आत नेत, आणि तुम्ही गेटसमोर बाकीच्यांबरोबर उभे होतात. ट्रकची ताडपत्री वाऱ्याने वर झाली आणि तुम्हाला आत बाबा दिसले. त्या संध्याकाळी तुम्ही तुमचं ताट उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलंत. महिन्याभरात खोलीच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या. आई आणि काकी त्या प्लायवूडच्या वरून वाट्या देत-घेत राहिल्या. माशाचं कालवण, सोलकढी, घावणे, सगळं तिकडून इकडे आणि इकडून तिकडे जायचं. आम्हा मुलांनाही दोन्हीकडे मुभा होती. फक्त तुमचा आणि बाबांचा शब्द त्या फळीवरून कधी आला-गेला नाही.

तुम्ही पुन्हा गिरणीत गेला नाहीत. गिरगावात एका इमारतीत लिफ्ट चालवायला लागलात. गिरणीच्या गेटच्या आत पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. तेही पाळलंत. पुढे गिरणीच बंद पडली आणि बाबाही घरी बसले, तरीही पाळलंत.

माझ्यावर मात्र तुम्ही कधी राग धरला नाहीत. बाबा आत गेले ते माझ्या शाळेसाठी, हे तुम्हाला माहीत होतं. मी पुढे शिकलो, हिशेबाच्या खात्यात नोकरीला लागलो, तेव्हा पेढे घेऊन गिरगावात जाणारे तुम्हीच. तुमच्या इमारतीच्या चारही मजल्यांवर तुम्ही ते वाटलेत. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नाही.

साच्यांच्या आवाजाने दोघांचेही कान गेलेले. त्यामुळे रोज संध्याकाळी प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना एकच मालिका पूर्ण आवाजात लागायची. आपल्या मजल्यावर शीर्षकगीत जोडीने ऐकू येई. मांजरेकरबाई म्हणायच्या, सिनेमाच्या थेटरात बसल्यासारखं वाटतं, फक्त पडदा मधे आलाय. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ, पाठीला पाठ लावल्यासारखे, एकाच सुनेच्या छळाबद्दल एकाच वेळी हळहळत. तुमच्याकडून “अरे अरे” आलं की पाठोपाठ आमच्याकडून यायचं.

सहलीची कल्पना मांजरेकरबाईंचीच. दरवर्षी चाळीच्या महिला मंडळाची सहल कुठेतरी लांब जाते. त्या वर्षी म्हाताऱ्यांचे गुडघे बघून त्यांनी ठरवलं, मुंबईतच फिरू, आणि मालिकेत दिसतं ते सगळं बघू. नायिकेचं माहेर, नायकाने तिला मागणी घातली ती चौपाटी, आणि जमलं तर सासरे बेशुद्ध पडून आहेत ते हॉस्पिटल. पुरुषांनी चेष्टा केली की आपल्याच मुंबईचं दर्शन घ्यायला बस कशाला. आणि मग सगळे पुरुष आले. तुम्ही बसमध्ये पुढे बसलात, बाबा मागे. डोकी मोजायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक ठिकाणी उतरताना आणि चढताना मी मोजायचो आणि मांजरेकरबाई दरवेळी विचारायच्या, “काय रे, कोणी वाढलं का?”

खोताच्या वाडीतलं ते लाकडी घर आठवतं ना? मालिकेत त्याच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे, नायिका तिथे रोज रडते. आपल्या बायका हळदकुंकू, फुलं, हिरवा खण घेऊन आल्या होत्या. नायिकेच्या तुळशीची पूजा करायची म्हणून. आत गेलो तर तुळस नव्हतीच. तिथे फुलांचा हार घातलेला क्रूस होता. घरची म्हातारी मावशी बाहेर येऊन म्हणाली, “तुळस ते लोक टेम्पोतून आणतात न् घेऊन जातात. आज शूटिंग नाय. फोटो काढा न् जावा.” सगळ्या बायका खण हातात धरून उभ्या. मग तिने तुम्हाला ओळखलं. तिच्या बहिणीला वर-खाली नेणारे लिफ्टवाले मामा तुम्ही. तिने लगेच खुर्च्या काढल्या. मांजरेकरबाईंनी जरा विचार केला आणि तो खण तिलाच दिला, आणि तिनेही डोक्याला लावून घेतला. तुम्ही मला हळूच म्हणालात, पूजा योग्य जागी पडली. माझ्या मागे उभे असलेले बाबा हसले. तुमचं ऐकून नाही, त्यांना एवढं हळू ऐकू येत नाही. तुमचे ओठ बघून.

हे मला तेव्हा समजलं नाही. नंतर समजलं.

चौपाटीवर मागणीच्या बाकावर जोडीजोडीने बसणं झालं. मांजरेकरांनी बसायला नकार दिला तेव्हा बाई म्हणाल्या, मागणी तेव्हाही मीच घातली होती. दुपारी शीव कोळीवाड्यात जेवलो. वाढणारी बाई म्हणाली, मी पण मालिकेत आहे, मासळीबाजाराच्या सीनमध्ये तीनदा दिसते, पाठमोरी. मग तिने पाठ करून दाखवली आणि सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की हो, ओळखलं.

तिथेच मांजरेकरबाईंच्या भाच्याचा फोन आला. तो मालिकेच्या युनिटमध्ये सामान उचलायचं काम करतो. आज हॉस्पिटलचं शूटिंग आहे, चारला या, आत सोडतो. कुठे या, ते बाईंनी फक्त ड्रायव्हरला सांगितलं. बस परळला वळली तेव्हा मला कळलं. तुम्हाला माझ्या आधी कळलं असणार. बंद गिरणीच्या साचेखात्यात त्यांनी हॉस्पिटल उभं केलं होतं. आपल्या गिरणीच्या.

बाईंनी तुमच्याकडे न बघता सगळ्यांना उतरवलं. तुम्ही खिडकीबाहेरही बघितलं नाहीत. “मी हंयच बसतंय,” म्हणालात. बाबा मागच्या दाराने उतरले, गेटपाशी क्षणभर थांबले, तुमच्या खिडकीकडे पाहिलं आणि बायकांबरोबर आत गेले. मला वाटलं, आता आणखी वीस वर्षं अबोला.

पुढचं मला तुमच्याकडूनच कळलं, तेही तुम्ही हसत सांगितलंत म्हणून लिहितो. कोळीवाड्यात सोलकढी जास्त झाली होती. ड्रायव्हरला विचारलंत तर तो म्हणाला, संडास गेटच्या आतच आहे, दुसरा जवळपास नाही. तुम्ही बराच वेळ धीर धरलात. मग उतरलात. तुमच्या शपथेचा शेवट असा झाला. काकीला हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. काल तेराव्याच्या पंगतीत मी सांगितलं, आणि त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

आत आम्ही दोरीच्या मागे उभे होतो. पलीकडे पांढरे पडदे, खाट, सलाइनची बाटली, खोटं यंत्र. साचे केव्हाच भंगारात गेले होते. फरशीवर त्यांचे बोल्ट तेवढे ओळीने उरले होते आणि हॉस्पिटलची खाट बरोबर दोन ओळींच्या मधे होती. मी सवयीने डोकी मोजली. एक कमी. म्हणजे तुम्ही, बसमध्ये. हिशेब बरोबर होता. तेवढ्यात पडद्यांच्या पलीकडे, मागच्या दारातून तुम्ही आत येताना दिसलात. कामगारांचं दार तेच होतं. तुमच्या पायांना माहीत होतं. तुम्ही एका बोल्टच्या चौकटीपाशी येऊन उभे राहिलात. तुमच्या साच्याच्या जागी.

एक पोरगा ओरडला, सायलेन्स. सगळं साचेखातं गप्प झालं. मांजरेकरबाईसुद्धा.

तुम्ही समोर बघितलंत. हॉस्पिटलच्या या बाजूला बाबा, त्या बाजूला तुम्ही. आणि तुमचे ओठ हलले.

लहानपणी मी डबा द्यायला गेटपर्यंत यायचो तेव्हा तुम्ही सांगितलं होतं की आत कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला एकच खूण शिकवली होतीत. मुठीचा अंगठा खांद्यावरून दोनदा मागे. पाळी सुटली, चल घरी. बाकीचं मला येत नाही. म्हणून त्या दिवशी तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही. फक्त बोललात हे मी पाहिलं. तुम्ही काहीतरी म्हणालात. बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही पुन्हा म्हणालात. मग बाबांचे ओठ हलले, खूप वेळ. मी त्यांना कधी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि एक आवाज नव्हता. खाटेवर सासऱ्यांनी डोळे उघडले आणि इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शॉट चुकला. पोरगा म्हणाला, कट. सगळे एकदम बोलायला लागले आणि तुम्ही दोघांनी माना फिरवल्या. बाबा छताकडे बघायला लागले, तुम्ही बोल्टकडे. पुन्हा सायलेन्स, पुन्हा सुरू. सासऱ्यांना शुद्धीवर यायला बराच वेळ लागला, त्या नटाला माझे आभार पोचवायला हवे होते. दरवेळी असंच. बोलायला मोकळीक मिळाली की गप्प, गप्प राहायला सांगितलं की सुरू. मांजरेकरबाईंच्या एव्हाना लक्षात आलं होतं. पदर तोंडावर धरून त्या सायलेन्सवाल्या पोराकडे बघत होत्या, अजून एकदा चुकू दे रे बाबा, अशा.

शेवटी शॉट झाला. दिवे मालवले. तुम्ही बाबांकडे बघून मूठ वर केलीत आणि अंगठा खांद्यावरून दोनदा मागे नेलात.

ती मला समजली.

बसमध्ये तुम्ही दोघं एका बाकावर बसलात. मी डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली, उगाच. मग तुमच्याजवळ वाकून विचारलं, काय बोललात. तुम्ही म्हणालात, “साच्यांचीच गजाल, दुसरा काय.” मी जागेवर जायला वळलो तर तुम्ही माझा शर्ट धरलात. “ता खांद्याचा सांगलेलंय मां, ता विसर. वसंत आणि मांजरेकर एका उंचीचे. फुडे दोघांका ठेव. तिरडी सरळ रवतली.”

जवळच्या माणसाने आपल्या मरणाचं बोलावं आणि ऐकणाऱ्याला आनंद व्हावा, असं पुन्हा कधी होणार नाही. मी खिडकीशी जाऊन बसलो. लालबाग येईपर्यंत मी बाहेरच बघत होतो. बायकोने विचारलं, तर म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलंय.

तुम्ही दोघं त्यानंतर प्रेमाने राहिलात असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. बाबांनी त्यांची खुर्ची तुमच्या बाजूला नेली, एक टीव्ही बंद झाला, आणि बावीस वर्षं न झालेलं भांडण रोज संध्याकाळी मालिका संपली की सुरू झालं. सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. तुम्ही म्हणायचात, सगळे बाहेर राहिले असते तर मालक नमला असता. बाबा म्हणायचे, मालक नमेपर्यंत आपण राहिलो असतो का. तुम्ही म्हणायचात, आत गेलेल्यांमुळे बाहेरच्यांना विचारणारं कोणी राहिलं नाही. आणि एकदा बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं: मी आत गेलो म्हणून हा शिकला. काकीने गॅस बारीक केला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे.

“ह्यो शिकलो ता बरा झाला,” तुम्ही म्हणालात. “तू गेलंस ता बरा नाय. दोनय खरां.”

मी हिशेबातला माणूस. दोन बाजू जुळल्या नाहीत तर मला झोप येत नाही. पण तुमचं ते वाक्य मी इतके महिने मनात धरून आहे आणि त्यात काढण्यासारखी चूक मला सापडलेली नाही.

फार तापलात की तुम्ही दोघं आवाज बंद करून ओठांनी भांडायचात, म्हणजे बायकांना ऐकू नये. त्यात शिव्या असणार. आई म्हणायची, तोंडं बघा दोघांची, पाण्याबाहेर काढलेले बोंबील वाटतात. मांजरेकरबाई मात्र तक्रार करायच्या की शीर्षकगीत आता एकदाच ऐकू येतं, चुकल्यासारखं होतं.

शेवटच्या संध्याकाळी बाबा काहीतरी म्हणाले, ट्रकच्या दिवसाबद्दल. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, याचं उत्तर उद्या देतो. सकाळी काकी चहा घेऊन आली तर तुम्ही झोपेतच गेला होतात. बाबा त्या खुर्चीत अजून बसतात. त्यांना ते उत्तर हवंय. मी त्यांना सांगितलं, तुम्हीच ठरवा आप्पा काय म्हणाले असते. ते म्हणाले, नाय, मग मी जिंकेन, त्यात काय मजा.

त्या सकाळी मी मडकं घेऊन पुढे चालत होतो. रस्ता तोच, गिरणीवरून जाणारा. हॉस्पिटल केव्हाच मोडलंय. गेटच्या जागी आता काचेची चौकी आहे आणि आतून टॉवर वर येतोय. तिथे आल्यावर मागची पावलं थांबली. मागे वळून बघू नये म्हणतात. मी बघितलं. बाबांनी तिरडी थांबवली होती. मांजरेकर थांबले, मागचे दोघं थांबले. बाबांनी मान वळवून तुमच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी जवळून, आणि त्यांचे ओठ हलले. मला ती बोली येत नाही. त्यांना मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तुमच्या उत्तरासारखंच तेही तुम्हा दोघांतच राहू द्या.

मग त्यांनी बांबूवरचा उजवा हात तसाच ठेवून डावी मूठ वर केली, आणि अंगठा खांद्यावरून दोनदा मागे नेला.

आम्ही पुढे निघालो.